ओढ्याची तब्येत आणि दगडाखालची वस्ती : वाचकांचे प्रश्न

ओढ्यातील किडे आणि इतर बिनकण्याचे लहान जीव पाहून पाण्याची स्थिती कशी ओळखावी, याविषयी या सदरात मागे एक छोटे टिपण छापले होते. ते वाचून अनेकांनी पत्रे पाठवली. काहींनी आपापल्या गावच्या ओढ्यावर काम सुरूही केले आहे आणि त्यांच्या अडचणी अगदी नेमक्या आहेत. मी छत्तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि त्यातील बरेच शनिवार विद्यार्थ्यांसह गुडघाभर पाण्यात घालवले. त्या अनुभवाच्या आधारे निवडक पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या शाळेजवळच्या ओढ्याचे पाणी दोन वर्षांपूर्वी बाटलीत भरून तपासणीस पाठवले होते. अहवालात सगळे ठीक होते. तरीही गावातील वृद्ध सांगतात, की पूर्वी या ओढ्यात खेकडे आणि झिंगे भरपूर मिळत, आता मिळत नाहीत. प्रयोगशाळेचा अहवाल खरा मानावा, की किडे मोजावेत? (शिक्षिका, आजरा तालुका)

उत्तर : अहवालही खरा आहे आणि वृद्धांचे म्हणणेही खरे असू शकते, कारण दोहोंनी वेगवेगळ्या काळाविषयी सांगितले आहे. बाटलीत जे पाणी येते ते त्या क्षणाचे असते. समजा, संध्याकाळी चार वाजता कोणी औषध फवारणीचा पंप ओढ्यात धुतला आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाटली भरली, तर ते विषारी पाणी तोवर कित्येक किलोमीटर खाली वाहून गेलेले असते आणि अहवाल निर्दोष येतो. दगडाखाली राहणाऱ्या किड्याला मात्र असे निघून जाता येत नाही. मेफ्लाय नावाच्या कीटकाचे पिल्लू काही आठवडे ते काही महिने पाण्यात काढते. चतुरांच्या काही जातींची पिल्ले तर त्याहूनही अधिक काळ पाण्यातच असतात. त्या अवधीत ओढ्यात जे जे मिसळले, ते ते त्यांनी सोसलेले असते. म्हणून तेथे कोण जगले आहे आणि कोण नाहीसे झाले आहे, हे पाहिले की मागच्या बऱ्याच दिवसांचा हिशेब हाती येतो.

यामागे मुख्यतः प्राणवायूचा प्रश्न असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो आणि पाणी ३० अंशांपर्यंत तापले की तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. त्यात सांडपाणी मिसळले, की ते कुजवणारे जीवाणू हा प्राणवायू संपवू लागतात. जे कीटक नाजूक कल्ल्यांवाटे श्वास घेतात ते सर्वांत आधी गुदमरतात. उलट गाळात राहणाऱ्या काही माश्यांच्या लालभडक अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन असते. त्यामुळे नाममात्र प्राणवायूवरही त्यांचे भागते. ओढा जसजसा बिघडतो तसतसे हे पहिले रहिवासी जातात आणि दुसऱ्यांची संख्या वाढत जाते. कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८ आणि १९०९ साली अशा वनस्पती आणि प्राण्यांच्या याद्याच प्रसिद्ध केल्या होत्या. म्हणजे ही पद्धत शतकाहून जुनी आहे.

वृद्धांनी जे सांगितले ते कृपया आजच वहीत उतरवून घ्या. कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, अंदाजे कोणत्या सालापर्यंत खेकडे मिळत, हे विचारा. तुमच्या ओढ्याविषयीची तेवढीच जुनी नोंद आज उपलब्ध असेल.

प्रश्न : आम्ही दहा-बारा तरुण आहोत. साहित्य काय लागते आणि प्रत्यक्षात काय करायचे, ते कृपया टप्प्याटप्प्याने सांगावे. (एक युवक मंडळ, भोर तालुका)

उत्तर : साहित्य थोडे आहे. बांबूच्या किंवा जाड तारेच्या चौकटीवर बसवलेली बारीक विणीची जाळी, एक पसरट पांढरा ट्रे, चमचा, रंगाचा मऊ ब्रश, भिंग, बर्फ करण्याचा जुना ट्रे आणि वही. जाळीची छिद्रे अर्धा ते एक मिलिमीटरची असावीत. मच्छरदाणीचा कापड वापरला तरी काम सुरू होते, पण त्यातून अगदी लहान जीव निसटतात. म्हणून एकदा जी जाळी घेतली तीच दर वेळी वापरावी. मध्येच जाळी बदलली तर आकडे बदलतात आणि ओढाच बदलला असे वाटू लागते.

जागा अशी निवडा, की जेथे पाणी दगडगोट्यांवरून खळाळत वाहते आणि पाण्याची खोली घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच आहे. जाळीचे तोंड प्रवाहाकडे करून ती तळाला टेकवून धरा आणि तिच्या वरच्या अंगाला उभे राहून पायाने दगड व वाळू ढवळा. सुटलेले किडे प्रवाहाबरोबर जाळीत येतात. काम नेहमी खालून सुरू करून वर सरकत न्यावे, म्हणजे न पाहिलेली जागा तुमच्याच गाळाने भरत नाही. एकाने घड्याळ लावून बरोबर तीन मिनिटे मोजावीत. त्यानंतर आणखी एक मिनिट मोठे दगड हाताने उचलून त्यांना चिकटलेले जीव ब्रशने ट्रेमध्ये घ्यावेत. ब्रिटनमधील स्वयंसेवक हीच तीन अधिक एक मिनिटांची पद्धत वापरतात.

यानंतरचा वेळ घाईत घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जाळी ट्रेमध्ये उलटी केली, की प्रथम फक्त काडीकचरा, कुजकी पाने आणि वाळू दिसते आणि नवखी मुले म्हणतात, ‘यात काहीच नाही.’ ट्रे सावलीत सपाट ठेवा आणि पाणी स्थिर होऊ द्या. दोन मिनिटांनी एक काडी चालू लागते. ती काडी नसते, काड्यांचेच घर अंगावर घेतलेली कॅडिसफ्लायची अळी असते. मग एका पानाच्या कडेला बारीक थरथर दिसते. भिंगातून पाहिले, तर मेफ्लायच्या पिल्लाच्या पोटाच्या दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले एका लयीत हलत असतात. ट्रेमधले पाणी तापू लागले, की ही थरथर वाढते. ती वाढलेली दिसली की गणती आटोपती घ्यावी, कारण त्या जिवाला प्राणवायू कमी पडू लागला आहे. एकेका प्रकारचा जीव बर्फाच्या ट्रेच्या एकेका खणात ठेवत गेले, की मोजणी सोपी होते. नेमकी संख्या मोजत बसण्याची गरज नाही. १ ते ९, १० ते ९९, १०० ते ९९९ आणि हजाराच्या वर असे चार गट पुरेसे आहेत.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. एकट्याने पाण्यात उतरू नये. वर धरण किंवा बंधारा असेल तर पाणी सोडण्याची वेळ आधी विचारून घ्यावी. पायाला जखम असेल तर काठावर बसून नोंदी लिहाव्यात. विशेषतः कोकणातल्या मित्रांनी लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका लक्षात ठेवावा. अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाळी टाकू नये. आंबोलीजवळच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० साली एका नव्या माशाची जात नोंदली गेली आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. अशा ठिकाणी तर पाय घालून तळ ढवळणे हेच नुकसान आहे.

प्रश्न : आम्हाला सगळे किडे सारखेच दिसतात. पुस्तकातील इंग्रजी नावे मुलांच्या तोंडी बसत नाहीत. (निवृत्त ग्रामसेवक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : नाव नंतर आले तरी चालेल, आधी खूण पाहायला शिकवा. शेपट्या मोजा, कल्ले कोठे आहेत ते पाहा, पायाच्या टोकाशी किती नख्या आहेत ते पाहा. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन लांब शेपट्या असतात, कल्ले पोटावर असतात आणि प्रत्येक पायाला एकच नखी असते. स्टोनफ्लाय या वाहत्या पाण्यातील दुसऱ्या कीटकाच्या पिल्लाला नेहमी दोनच शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतात. काही मेफ्लायनाही दोनच शेपट्या असतात, म्हणून फक्त शेपट्यांवर निकाल देऊ नये. टाचणी या चतुराच्या बारीक अंगाच्या भाऊबंदाच्या पिल्लाच्या टोकाला तीन पानांसारखे पडदे असतात, तर चतुराचे पिल्लू जाड बांध्याचे असते आणि त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले, की तो ओठ हातासारखा झटकन पुढे येतो.

खळाळत्या पाण्यातील दगड उलटा केल्यावर पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. मग दगडाचा एक ओला तुकडाच सरकल्यासारखा वाटतो. ते चपट्या अंगाचे मेफ्लाय असते आणि ते उजेडाकडून अंधाराकडे, दगडाच्या दुसऱ्या बाजूला, पळत असते. त्याच दगडाला जुन्या तांब्याच्या नाण्यासारखे काही घट्ट चिकटलेले दिसले, तर ती एका पाणभुंगेऱ्याची अळी होय. तिचे पाय नाण्याच्या खाली लपलेले असतात. पाठीवर मोत्यांसारख्या अंड्यांची रास घेऊन फिरणारा पाणढेकूण दिसला, तर मुलांना आवर्जून सांगा, की तो नर आहे. मादी अंडी त्याच्या पाठीवर घालते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत तो ती सांभाळतो. जळू, गोगलगाय, खेकडा, पाणविंचू हे तर मुलांना तुमच्या-माझ्याहून अधिक चांगले ओळखू येतात.

इंग्रजी नावे बसत नसतील तर मुलांना नावे ठेवू द्यावीत. माझ्या एका तुकडीने कॅडिसफ्लायच्या अळीला ‘गवंडी’ म्हटले होते आणि मी ते नाव पुढे कायम ठेवले. ही अळी तोंडातून रेशीम काढून खडे, वाळूचे कण आणि काड्या एकमेकांना जोडते. खडे निवडताना ती एक उचलते, फिरवून पाहते आणि बसत नसेल तर टाकून देते. वहीत मात्र मुलांनी ठेवलेल्या नावापुढे शास्त्रीय गटाचे नाव लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कोणालाही ताडून पाहता येते.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहते. येथे नदीकाठी स्वयंसेवक दर महिन्याला किडे मोजतात. नागरिकांच्या अशा मोजणीने खरोखर कधी काही निष्पन्न झाले आहे का? आणि येथील पद्धत माझ्या सिंधुदुर्गातील माहेरच्या गावी जशीच्या तशी सुरू करता येईल का? (एक वाचक, रेडिंग)

उत्तर : तुमच्याच गावात थेम्सला येऊन मिळणारी केनेट ही नदी याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. तेथील नदीमाश्यांच्या, म्हणजे मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय अशा कीटकांच्या, देखरेखीचा उपक्रम मासे पकडणाऱ्या हौशी लोकांनी उचलून धरला आणि २००७ पासून तो देशभर पसरला. त्यात आठच गट पाहतात, त्यांच्या संख्येवरून गुण देतात आणि प्रत्येक जागेसाठी एक इशारापातळी ठरवलेली असते. गुण त्या पातळीच्या खाली गेले, की स्वयंसेवक पर्यावरण खात्याला कळवतात आणि पुढचा तपास खाते करते.

जुलै २०१३ च्या आरंभी मार्लबरो गावाच्या खाली केनेटवर नेहमीप्रमाणे मोजणीस गेलेल्या स्वयंसेवकांना तळाचे जीव मेलेले आढळले. त्यांनी लगेच कळवले. खात्याच्या तपासात पाण्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडले. ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून नदीत आले होते आणि सुमारे १५ किलोमीटर पट्ट्यातील कीटक आणि झिंग्यांसारखे जीव त्यामुळे नष्ट झाले होते. आपल्याकडे वाळवीसाठी आणि पिकांवर मारले जाते तेच हे औषध आहे आणि एवढ्या लांब पट्ट्याला त्याची अगदी थोडी मात्रा पुरली. पाण्याकडे नुसते पाहून कोणालाही काही कळले नसते. ज्यांनी महिनोन्‌महिने त्याच जागी जाऊन ट्रेमध्ये किती आणि कोण असते हे लिहून ठेवले होते, त्यांनाच ट्रे रिकामा असण्याचा अर्थ कळला. या सदरात मी पुन्हा पुन्हा एकाच जागी जाण्याचा आग्रह धरतो तो यासाठीच. एखादा ओढा बिघडल्यावर तेथे पहिल्यांदा जाळी टाकली तर ट्रेमध्ये जे येते ते मूळचेच तसे होते, की तसे झाले, हे ठरवायला काहीच हाताशी नसते.

राहिला सिंधुदुर्गाचा प्रश्न. मोजण्याची रीत जशीच्या तशी न्या, पण गुण आणि इशारापातळी नेऊ नका. इंग्लंडच्या यादीत गोड्या पाण्यातील ज्या लहान झिंग्याला महत्त्वाचे स्थान आहे तो आपल्या ओहोळात त्या जागी नसतो. थंड पाण्याच्या देशांत स्टोनफ्लायचे अनेक प्रकार असतात, तर सह्याद्रीच्या उष्ण पाण्यात ते थोडेच आहेत. त्यामुळे आपल्याकडे स्टोनफ्लाय मिळाले नाही म्हणून पाणी दूषित म्हणणे अन्यायाचे होईल. त्यापेक्षा दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांसाठी आणि सामान्य नागरिकांसाठी तयार केलेली मिनीसास ही पद्धत सुरुवातीला अधिक सोयीची वाटते. तिच्यात तेराच गट आहेत, त्यात खेकडे आहेत, आणि तिची बेरीज-भागाकार सहावीतील मुलालाही जमतो. तिचेही गुण त्या देशातील नद्यांवरून ठरले आहेत हे विसरू नये. पण एकाच ओढ्याची स्वतःशी तुलना करण्यासाठी ते चालतात.

प्रश्न : ही बेरीज-भागाकाराची रीत उदाहरणासह समजावून सांगाल का? शिवाय आमचा ओढा माघ महिन्यातच कोरडा पडतो. मग आम्ही मोजायचे कधी? (शेतकरी, माण तालुका)

उत्तर : मिनीसासमध्ये प्रत्येक गटाला त्याच्या नाजूकपणाप्रमाणे गुण दिलेले आहेत. स्टोनफ्लायला १७, बहुतेक मेफ्लायना ११, कॅडिसफ्लायला ९, चतुर आणि खेकडा यांना प्रत्येकी ६, पाणढेकूण व पाणभुंगेरे मिळून ५, मासळीसारख्या निमुळत्या मेफ्लायला ५, टाचणीला आणि गोगलगायीला प्रत्येकी ४, चपट्या कृमींना ३, आणि जळू, गांडुळासारखे कृमी व माश्यांच्या अळ्या यांना प्रत्येकी २. समजा, गावाच्या वर तुम्हाला मेफ्लायचे दोन्ही गट, कॅडिसफ्लाय, खेकडा, चतुर, पाणभुंगेरे, गोगलगाय आणि माश्यांच्या अळ्या असे आठ गट मिळाले. बेरीज ४८ झाली, तिला आठाने भागले, सरासरी ६ आली. गावाच्या खाली पाणभुंगेरे, गोगलगाय, जळू, कृमी आणि अळ्या असे पाचच गट मिळाले. बेरीज १५, सरासरी ३. एका गटाचे दहा जीव मिळोत वा हजार, गुण एकदाच धरायचे. सरासरी काढण्याचा फायदा असा, की एखाद्या दिवशी जाळीत एक-दोन गट कमी आले तरी निकाल एकदम ढासळत नाही.

वर आणि खाली अशा दोन जागा घेणे मी फार महत्त्वाचे मानतो. दोन्ही जागांचा तळ, खोली आणि सावली शक्य तितकी सारखी असावी. वर खळाळ आणि खाली चिखलाचा डोह अशी तुलना केली तर किड्यांतील फरक पाण्यामुळे पडला की तळामुळे, हे सांगता येत नाही.

आता कोरड्या ओढ्याविषयी. माणदेशातील ओढा माघात आटतो हा त्याचा स्वभाव आहे, रोग नव्हे. पावसाळ्याच्या पुरात तळाचे दगडच गडगडत जातात, तेव्हा त्या काळात मोजणी व्यर्थ आणि जिवाला धोक्याची आहे. पाऊस पूर्ण थांबल्यावर किमान एक महिना जाऊ द्यावा, म्हणजे दगडांवर शेवाळ धरते आणि किडे पुन्हा वसतात. तुमच्याकडे कार्तिक ते पौष हा काळ योग्य ठरेल. जेथे पाणी बारमाही आहे तेथे फाल्गुनात आणि वैशाखातही एकेक मोजणी करावी. हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. एके वर्षी दिवाळीनंतर परतीचा जोरदार पाऊस झाला आणि त्यानंतर आठच दिवसांनी मी मुलांना घेऊन एका ओढ्यावर गेलो. ट्रे जवळजवळ रिकामा निघाला. मी गावच्या सभेत ‘ओढा मृतप्राय आहे’ असे सांगितले आणि वरच्या वाडीवर त्याचा ठपका आला. सहा आठवड्यांनी त्याच जागी अकरा गट मिळाले. त्या वाडीत जाऊन मी क्षमा मागितली, पण दोन वाड्यांत उगीच आलेले वितुष्ट निवळायला पुढचे वर्ष लागले. तेव्हापासून मागील तीस दिवसांतील पाऊस लिहिल्याशिवाय मी नोंद पूर्ण समजत नाही.

प्रश्न : आमच्या झऱ्यात मेफ्लाय भरपूर आहेत. म्हणजे पाणी न उकळता प्यावे का? (गृहिणी, अकोले तालुका)

उत्तर : नाही. कावीळ, हगवण आणि विषमज्वर ज्यांमुळे होतात त्या जंतूंचा मेफ्लायला काहीही त्रास होत नाही. भरपूर प्राणवायू असलेल्या थंड झऱ्यातही वरच्या बाजूची विष्ठा मिसळू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी जंतूंची तपासणीच हवी. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील किमान पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत हे ग्रामपंचायतीत विचारा. जंतूंच्या तपासणीतील लहान बाटली काळी पडली, तर ते पाणी तसेच पिऊ नये. पाणी उकळून प्या आणि किडे आनंदाने मोजा.

प्रश्न : ओढ्यात किडे वाढले की डास वाढतील, म्हणून आमच्याकडे काही जण ओढ्यात औषध टाकावे किंवा गप्पी मासे सोडावेत असे म्हणतात. (आशा कार्यकर्ती, दापोली तालुका)

उत्तर : डेंग्यूचा डास घरातील रांजण, टाकी, कुंडीखालची ताटली आणि फेकलेले टायर यांत साठलेल्या पाण्यात वाढतो, वाहत्या ओढ्यात नव्हे. डासाची अळी पृष्ठभागाशी उलटी लटकून हवा घेते, त्यामुळे खळाळत्या पाण्यात तिचा टिकाव लागत नाही. ओढ्याच्या कडेच्या संथ पाण्यात ती असली, तर चतुराची पिल्ले आणि पाणढेकूण तिला खातात. ओढ्यात औषध टाकले तर हे भक्षक मरतात आणि पुढे डासांनाच मोकळे रान मिळते. गप्पी मासे बंदिस्त टाकीत सोडणे वेगळे आणि ओढ्यात सोडणे वेगळे. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील आहेत आणि एकदा ओढ्यात पसरले की परत काढता येत नाहीत. आपल्या ओढ्यांत पिवळे-निळे स्थानिक लहान मासे आहेत. त्यांच्या वाट्याचे अन्न आणि जागा या पाहुण्यांना का द्यावी?

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या गावाखाली ओढ्याचे पाणी तपकिरी झाले, फेस आला. आम्ही मोजणी करून एका कार्यालयात कागद दिले. ‘हे हौशी लोकांचे आकडे आहेत’ असे सांगून ते परत केले गेले. (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : तुमचे दुःख मला समजते, कारण असे उत्तर मीही ऐकले आहे. तरीही पुढच्या वेळी तुमचा कागद नाकारणे अवघड जावे असे काही करता येईल. पहिली गोष्ट म्हणजे किड्यांवरून पाणी पारखणे हे हौशी खूळ नाही, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांच्या जैविक वर्गवारीसाठी तळाच्या बिनकण्याच्या जीवांवरच आधारलेले निकष ठरवले आहेत. त्यात जीवांच्या सोशिकतेचा शून्य ते दहा असा एक अंक आणि विविधतेचा शून्य ते एक असा दुसरा अंक काढून पाण्याचे पाच वर्ग करतात.

दुसरी गोष्ट अशी, की स्वयंसेवकांच्या मोजणीवर जे खरे आक्षेप घेता येतात ते आपणच आधी तपासावेत. ओळख चुकली असेल का? मग प्रत्येक गटाचे एक स्पष्ट छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, तारखेसह जोडा. मोजणाऱ्याने मनात धरून मोजले असेल का? मग वरचा आणि खालचा ट्रे अशा व्यक्तीकडून मोजून घ्या, जिला कोणता ट्रे कोठला हे ठाऊक नाही. जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दर पाचवा नमुना पुन्हा तपासायला द्या आणि त्यांच्या-तुमच्या मोजणीत किती फरक पडला तेही न लपवता लिहा. तिसरे म्हणजे, अर्जात दोषी ठरवू नका. ‘अमक्याने विष सोडले’ असे किडे सांगत नाहीत. ‘या दोन ठिकाणांच्या मधल्या पट्ट्यात, या दोन तारखांच्या दरम्यान, प्राणवायूवर अवलंबून असलेले जीव नाहीसे झाले आहेत, तरी येथील पाण्याची तपासणी करावी’ एवढेच ते सांगतात आणि तेवढेच मागावे. पाणी पुन्हा तपकिरी झाले तर त्याच क्षणी स्वच्छ बाटलीत नमुना भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा. आपल्या देशात पाण्याची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे त्यातील घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खर्च करतात तो आकडा, २७ अंशांवर तीन दिवसांत मोजतात, आणि सामुदायिक स्नानाच्या पाण्यासाठी ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी असा निकष आहे. किड्यांचे आकडे आणि हा आकडा एकत्र गेला, की कागद परत करणे सोपे राहत नाही. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न : शाळेत व्हाळातील (ओढ्यातील) किड्यांचा संग्रह करावा असे वाटते. ते मारून बाटलीत ठेवावेत का? (मुख्याध्यापक, सत्तरी तालुका, गोवा)

उत्तर : ओळख पटवण्यासाठी तज्ज्ञाने मागितला तर एखादा नमुना मद्यार्कात ठेवणे समजू शकते, पण शाळेच्या कपाटासाठी ते करू नये. मोजणी झाली की ट्रेमधील सगळे जीव जेथून घेतले त्याच जागी, ट्रे पाण्यात हळूच तिरपा करून, सोडून द्यावेत आणि उलटे केलेले दगड पुन्हा सुलटे ठेवावेत. दगडाच्या खालच्या बाजूला अंडी असतात आणि ती उन्हात राहिली तर वाळून जातात.

संग्रहासाठी दुसरा मार्ग आहे. चतुराचे पिल्लू पूर्ण वाढले, की पाण्याबाहेर दगडावर किंवा गवताच्या पात्यावर चढते, पाठ फाटते, आणि चतुर बाहेर पडून उडून जातो. कात तेथेच चिकटून राहते. पहाटे किंवा सकाळी लवकर व्हाळाच्या काठाने मुलांना हळू चालायला सांगा आणि पाण्यापासून वीतभर उंचीवरचे दगड पाहायला लावा. कात ओली असताना काढली तर मोडते, म्हणून ती वाळू द्यावी आणि मग कागदाच्या चिठ्ठीने अलगद सोडवून आगपेटीत कापसावर ठेवावी. त्या कातेवर डोळ्यांच्या वाट्या, पायांवरचे केस आणि तोंडाखाली घडी घातलेला तो ओठसुद्धा शाबूत असतो. आगपेटीवर जागा, तारीख आणि शोधणाऱ्या मुलाचे नाव लिहावे.